ब्याण्णव

ओशला गाडी शहाण्यासारखी वागत होती.
हे मी बुरुलकानला तीनदा सांगितलं.
तिनं तीनदा ऐकून घेतलं
आणि पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबत राहिली.

किझिल-आर्टच्या चढापासून हे सुरू झालं.
काटा लाल रेघेला टेकायचा, झाकणातून वाफ फुसफुसायची,
मी उतरून वाऱ्याकडे पाठ करून बसायचो.
मागे साठ पोती पीठ, आणि पोत्यांच्या मध्ये
रजईत गुंडाळलेलं बहिणीचं शिवणयंत्र.
ही झिल माझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
तिला बोल लावायची माझी छाती नव्हती.
सरोवराशी पोचेपर्यंत माझं प्यायचं पाणीही तिनंच संपवलं.

काराकुलचं गॅरेज म्हणजे
चाकं नसलेला एक मालवाहू डबा,
आणि डब्याच्या दारात बुरुलकान,
अंगात रस्ता-दुरुस्ती खात्याचा जुना कोट.

"पाणी?"
भरलेलं.
"पंप?"
तिनं लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक पंपावर, डोळे मिटलेले,
वैद्य नाडी बघतो तितका वेळ.
"फिरतोय. कुरकुर नाही."
तेलाची काडी पुसली: दुधाळ नाही.
म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. मी लांब श्वास सोडला,
या उंचीवर तो परवडत नाही तरी.

मग तिनं हातमोजा काढून तळहात रेडिएटरवर ठेवला.
ठेवलाच.
"बघ."
मी भीत भीत ठेवला.
इंजिन आत कढत होतं
आणि रेडिएटर विहिरीच्या काठासारखा गार.
"पाणी घरातच कोंडलंय. दार उघडत नाही."
"दार नवं आहे," मी म्हणालो, "ओशच्या बाजारातलं.
दुकानदारानं माझ्यासमोर पातेल्यात उकळून दाखवलं,
कळीसारखं उमललं."
जरा लागलंच मला. पैसे माझे गेले होते.

ती काही बोलली नाही. जेवायला बोलावलं.

तेर्स्केनच्या काटक्यांवर मघापासून रटरटणारं सूप.
बटाट्यात दात घातला तर करकरला.
दमलेल्या माणसाची जीभ सैल सुटते.
"बाई, दोन तास उकळूनही बटाटा कच्चा कसा?"

चमचा तिच्या हातात तसाच थांबला.
बटाट्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मग पुन्हा बटाट्याकडे,
आणि हसली, कडेचा सोन्याचा दात दिसेपर्यंत.

जेवण टाकून बाहेर गेली.
पाना पडल्याचा आवाज, एक शिवी,
आणि माझा चहा निवायच्या आत थर्मोस्टॅट घेऊन आली.
किटलीत सोडला.
पाणी खळाखळा उकळलं. झडप ढिम्म.
आणखी काटक्या. आणखी खळखळ. ढिम्म.

"इथलं पाणी सत्याऐंशीला उकळतं," ती म्हणाली,
"पुढे तापतच नाही, कितीही जाळ घाल.
खाली ओशला आणखी आठ-नऊ अंश चढतं."
चिमट्यानं तो उचलला, बाहीवर पुसला,
कडेला कोरलेला आकडा माझ्या नाकापुढे धरला.
ब्याण्णव.

म्हणजे दुकानदार चोर नव्हता.
हा बिचारा दिल्या शब्दाला जागून बसलेला,
ब्याण्णवची वाट बघत,
अशा गावात, जिथं ब्याण्णव येतच नाही.

"झाकणानं दाब धरला असता तर निभावलं असतं,
पण हे बघ," म्हणत तिनं
झाकणाचं रबर बोटानं चुरून दाखवलं,
शिळ्या भाकरीसारखं.

मेलेल्या एका झिलमधून तिनं सत्तरचा काढला.
टायरची ट्यूब कापून झाकणाला चकती केली.
मजुरी विचारली तर म्हणाली, अर्धं पोतं.
मी पाव म्हणालो.
मग लाज वाटली, अर्धं दिलं.

अक-बैतालच्या चढावर काटा मधोमध बसून होता.
सवयीनं मी त्याच्याकडेच बघत राहिलो,
जिभेनं टोकरत
दाढेत अडकलेला तो कच्चा बटाटा.